पंचेचाळिशीनंतर सर्टिफिकेट करायचंय : पीएमपी की बीईईचं एनर्जी ऑडिटर?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल एमआयडीसीत मेंटेनन्स किंवा प्रोजेक्ट बघणाऱ्या माणसाला पंचेचाळिशी आली की एक किडा चावतोच, आता एखादं सर्टिफिकेट करून टाकू. पगार एका जागी अडकलेला असतो, नवीन पोरं लिंक्डइनवर नावापुढं तीन-तीन अक्षरं लावून फिरत असतात, आणि मालक सल्ला घ्यायला बाहेरचा कन्सल्टंट आणतो जो आपलेच आकडे आपल्याला विकतो. मी इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर, फौंड्रीत मेंटेनन्सला, आणि माझ्यापुढं दोनच पर्याय उरले होते, पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) आणि बीईईचं, म्हणजे केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं, सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर. दोन्हींचा अभ्यास केला, परीक्षा एकाचीच दिली. फी, पात्रता वगैरे नेटवर आहेच, ते इथं उगाळत नाही. फक्त डिप्लोमावाल्यांनी बीईईचं नोटिफिकेशन नीट वाचा, एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर अशी दोन सर्टिफिकेटं आहेत, त्यांची पात्रता वेगवेगळी बघा.

आधी पीएमपीचं चांगलं ते सांगतो. नाव जगभर चालतं. दुबई-कतारच्या ईपीसी (डिझाइन, खरेदी आणि उभारणी एकत्र घेणाऱ्या) कंपन्यांच्या जाहिरातीत ती तीन अक्षरं सरळ मागितलेली असतात. परीक्षा पाहिजे तेव्हा देता येते, घरी बसूनसुद्धा. मी अभ्यास केला तेव्हा १८० प्रश्न, २३० मिनिटं, मध्ये दोनदा ब्रेक असं होतं, निगेटिव्ह मार्किंग नाही. ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं ते ऑनलाइन रात्री जेवून बसलं तरी होतं, मी केलं, आणि खरं सांगायचं तर स्टेकहोल्डर (कामाशी संबंध असलेली सगळी माणसं) आणि रिस्कचा भाग मला कामालाही आला. माझ्या साडूचा मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्यानं पीएमपी केलं आणि त्याचं भलं झालं, त्यामुळं मी पीएमपीला नावं ठेवणार नाही.

पण ते प्रश्न! "प्रोजेक्ट मॅनेजरनं सगळ्यात आधी काय करावं?" आता हे बघा, मॉक टेस्टमध्ये साधारण असा प्रश्न येतो की व्हेंडरचं मटेरियल उशिरा येणार असं कळलंय, कस्टमर चिडलाय, तर आधी काय. पर्याय चार, व्हेंडरशी बोला, स्पॉन्सरला कळवा, चेंज रिक्वेस्ट टाका, शेड्यूलवर काय परिणाम होतो ते तपासा. मी वीस-बावीस वर्षं जे करत आलोय तेच टिचकवलं, व्हेंडरला फोन. चूक. आधी परिणाम तपासा म्हणे. बरं, पटलं. पुढच्या प्रश्नात मी शहाण्यासारखं परिणाम तपासायला गेलो तर तिथं उत्तर होतं आधी माणसाशी बोला, कारण तिथं टीममधला वाद होता. चारही उत्तरं बरोबरच वाटतात आणि त्यातलं त्यांना कुठलं जास्त बरोबर वाटतं ते ओळखायचं. त्यात तेव्हा साधारण निम्मा पेपर अजाइल-हायब्रिडचा, म्हणजे काम छोट्या छोट्या टप्प्यांत करायच्या आयटीतल्या पद्धतीचा, स्प्रिंट (तो टप्पा) आणि बॅकलॉग (करायच्या राहिलेल्या कामांची यादी). आमच्या फौंड्रीत बॅकलॉग म्हणजे फेटलिंगला, घासून साफ करायला, पडलेला कास्टिंगचा ढीग. तरुण माणसाला ही विचाराची पद्धत उचलता येत असेल, मला मात्र रोज रात्री स्वतःचा अनुभव बाजूला काढून ठेवून पेपरला बसल्यासारखं व्हायचं, आणि सकाळी कामावर गेलो की तोच अनुभव परत लागायचा. कंटाळा नव्हे, चीड यायची. तिथंच माझं मन फिरलं, बाकी कारणं नंतर जमवली म्हटलं तरी चालेल.

बीईईच्या परीक्षेची गैरसोय कमी नाही हेही ऐका. ती आपल्या सोयीनं होत नाही, नोटिफिकेशनची वाट बघत बसायचं. ऑडिटरला चार पेपर, पहिले तिन्ही प्रत्येकी तीन तासांचे, चौथा दोन तासांचा. मी दिले तेव्हा पेनानं लिहायचे होते, आणि गेल्या कित्येक वर्षांत सही सोडून हातानं काही लिहिलेलं नसल्यावर तिसऱ्या तासाला बोटांचं काय होतं ते विचारू नका. सेंटरही कोल्हापुरात नव्हतं, बाहेरगावी लॉज करून राहावं लागलं. पण प्रत्येक पेपरला ५० टक्के आणले की पास, एखादा राहिला तर तेवढाच परत देता येतो, आणि चौथा पेपर तर पुस्तक उघडून. चारही गाइडबुक बीईईच्या साइटवर फुकट आहेत, क्लासची मला तरी गरज वाटली नाही.

आणि त्या पुस्तकात आपलंच काम आहे हो. तिसऱ्या पुस्तकात कॉम्प्रेस्ड एअरचा धडा आहे, त्यात लीकेज टेस्ट दिलीय. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद, हवा कुणीच वापरत नाही, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून किती वेळ लोडवर (हवा भरत), किती वेळ अनलोडवर (नुसता रिकामा फिरत) ते टिपायचं. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, झाली लीकेजची टक्केवारी. आमच्याकडं दोन मिनिटं लोड, सहा मिनिटं अनलोड असं निघालं, म्हणजे २५ टक्के. कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा पाव हिस्सा हवेत! मोल्डिंग लाइनवर साबणाचं पाणी घेऊन फिरलो तर होजच्या क्लॅम्पपासून ब्लो गनपर्यंत जिकडंतिकडं बुडबुडे. इंडक्शन फर्नेसचंही तसंच, स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते तपासणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट येईपर्यंत झाकण उघडं ठेवून मेटल होल्डवर, म्हणजे नुसतं गरम ठेवलेलं, किती वेळ राहतं ते लिहून ठेवायला लागलो, आणि टनाला किती युनिट पडतात यावर मालक पहिल्यांदाच खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. वीजबिल त्यांना गॅंट चार्टपेक्षा (प्रोजेक्टच्या वेळापत्रकाच्या तक्त्यापेक्षा) लवकर कळतं.

आता दुसरी बाजू. कायद्यानं एनर्जी मॅनेजर नेमायची सक्ती मोठ्या ऊर्जाखाऊ उद्योगांना, म्हणजे डेसिग्नेटेड कन्झ्युमरना आहे, आपल्याकडच्या बहुतेक लहान फौंड्र्या त्यात बसत नाहीत. त्यामुळं सर्टिफिकेट हातात आलं म्हणून कुणी दारात उभं राहणार नाही. सक्तीची ऑडिट करायला तर अ‍ॅक्रेडिटेड व्हावं लागतं, त्याला ऑडिटचा वेगळा अनुभव लागतो. परदेशातही हे नाव फारसं कुणी विचारत नाही. टिकवायचं म्हणाल तर पीएमपीला दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (शिकत राहिल्याचे गुण) आणि फी, बीईईलाही रिफ्रेशर असतंच, त्यात डावं-उजवं करण्यासारखं मला काही दिसलं नाही.

तुमचं काम ऑफिसातलं असेल, पुण्याला किंवा गल्फला जायचं डोक्यात असेल, तर पीएमपीच करा, मी अडवणार नाही. कोल्हापुरातच राहायचंय, रोज भट्टी-कॉम्प्रेसर-पॅनेलशी गाठ आहे, आणि रिटायर झाल्यावर चार कारखान्यांचं ऑडिट करून पेट्रोलपाणी सुटावं एवढीच अपेक्षा असेल, तर मला वाटतं बीईई बरं पडेल. तिसऱ्या पुस्तकापासून सुरू करा, पहिल्यात कायदे-धोरणं वगैरे आहेत, त्यानं सुरुवात केली तर झोप येईल. चौथ्या पेपरला नेणार त्या पुस्तकांना आधीच चिठ्ठ्या चिकटवून ठेवा, तिथं पान शोधायला वेळ मिळत नाही. आणि आत्तापासून रोज दोन पानं हातानं लिहायला लागा.