जुन्या पीसीत पैसे घालायचे, रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) घ्यायचा, की नवा?

घरचा जुना सीपीयू उचलून दुकानात नेला की बहुतेकदा ऐकायला मिळतं, "नवीनच घ्या की ओ." हा सल्ला कधी योग्य असतो, कधी निव्वळ पैशांची नासाडी. म्हणून आधी घरीच प्रोसेसरचं नाव बघा. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की ते दिसतं. इंटेल असेल तर आय-३, आय-५ यांच्या पुढचा आकडा वाचा. ४१३० म्हणजे चौथी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी.

हे बघायचं कारण विंडोज. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनच ते अधिकृतपणे चालतं. सातवी आणि आठवी यांच्यामधली ही रेघ तुमचा निम्मा निर्णय करून टाकते.

आठवी किंवा पुढची पिढी असेल तर मशीन अजिबात विकू नका. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून रोजचं काम चालू ठेवा आणि डिस्क, मेमरी किती वापरली जाते ते बघा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर अडकत असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) हवी. मेमरी ८५-९०च्या वर राहत असेल तर रॅम. बहुतेक घरांत दोष जुन्या हार्ड डिस्कचा निघतो. ती सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, साधी साटा (केबलने जोडायची) एसएसडी ५००च्या पुढे. त्याहून मोठा फरक बारीकसारीक फायली शोधण्यात पडतो, कारण एसएसडीत फिरणारी तबकडीच नसते. बँकेचं काम, मराठी टायपिंग, मुलांचे व्हिडिओ यांना ८ जीबी रॅम पुरते. कॅड (संगणकावर आराखडे काढणं) किंवा कोडिंग शिकणारं कोणी घरात असेल तर १६ करा. मात्र २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, तेव्हा 'असू दे जास्तीची' म्हणून घेऊ नका.

सातवी किंवा त्याआधीची पिढी असेल तर माझं मत ठाम आहे. फक्त साटा एसएसडी घाला, बाकी रुपयाही नको. एसएसडी उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येते. यातल्या पाचव्या पिढीपर्यंतच्या मशीनमधली डीडीआर-३ रॅम नव्या मशीनमधल्या डीडीआर-४च्या खाचेत बसतच नाही, म्हणजे तिच्यावरचा खर्च त्या बोर्डाबरोबरच संपतो. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली छान चालते, मराठी इन्स्क्रिप्टही मिळतं. पण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं. ज्या घरात दुकानाचे हिशेब आणि जीएसटी त्याच पीसीवर होतात, त्यांनी अपडेट थांबलेल्या विंडोजवर दिवस काढू नयेत. त्यांना बदल हवाच.

आता खरी निवड रिफर्बिश्ड आणि नव्यात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर कंपन्यांच्या ऑफिसांतून बाहेर पडतात आणि आठव्या-नवव्या पिढीचे मिळतात. हे ऑफिसात रोज दिवसभर चालण्यासाठीच बांधलेले असतात आणि घरकामाला मला ते स्वस्तातल्या नव्या असेंबल (सुटे भाग जोडून बनवलेल्या) पीसीपेक्षा भरवशाचे वाटतात. पण छोट्या डब्याच्या मॉडेलमध्ये पॉवर सप्लाय कंपनीचा खास मापाचा असतो. तो गेला तर कुठल्याही दुकानातला बसत नाही, आणि मोठं ग्राफिक्स कार्डही आत मावत नाही. काहींना एचडीएमआय नसतं, फक्त डिस्प्लेपोर्ट असतं, मग जुन्या व्हीजीए मॉनिटरसाठी कन्व्हर्टरचा खर्च वाढतो. घेताना क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून एसएसडीची तब्येत बघा, आणि वॉरंटी बिलावर सीरियल नंबरसकट लिहून घ्या. सोलापुरात बसून पुण्याहून स्वस्त मिळतो म्हणून मागवणार असाल तर बिघडल्यावर अडीचशे किलोमीटर परत कोण पाठवणार, हेही आधीच ठरवा.

नवा असेंबल पीसी ज्यांना गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग करायचं किंवा पुढची सात-आठ वर्षं भर घालत राहायचं असेल त्यांनीच घ्यावा. लॅपटॉप होस्टेलला जाणाऱ्या मुलासाठी ठीक. एका जागी बसून काम असेल तर आपल्याकडे मी डेस्कटॉपच सांगेन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि अरुंद लॅपटॉपमध्ये ती उष्णता साठते. त्यातून घर यंत्रमागाजवळ असेल तर सुताचे तंतू हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांत अडकून जाळं धरतात. मग पंखा बोंबलतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. लोक समजतात, पीसी म्हातारा झाला. डेस्कटॉपचा पत्रा उघडून ब्लोअर मारणं घरी जमतं. फक्त पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि सीपीयू जमिनीवर न ठेवता थोडा उंच ठेवा.

यूपीएस नवा-जुना कसलाही पीसी असो, हवाच. घरगुती डेस्कटॉपला ६०० व्हीएचा पुरतो, काम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळतो. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेवढी बदला, अख्खा यूपीएस टाकू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्याक्षणी पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडू नका, गरम होताना तो एकदम जास्त वीज ओढतो.

प्रिंटरचं थोडक्यात: रोज पानं निघत असतील तर इंक टँक. महिन्यातून दोनदा आधारची प्रत काढायची असेल तर लेझर, कारण वापराविना इंकची तोंडं सुकतात. मॉनिटर २२ ते २४ इंची, आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारा), फुल एचडी घ्या. एसएसडीसारखाच तोही पुढच्या मशीनला चालतो, म्हणून इथे हजार-दोन हजार जास्त गेले तरी जाऊ द्या.