हॅशलुकअप : फाइलचं नाव बदला, ही सेवा ती ओळखतेच

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेचा डेबियन लिनक्सवर चालणारा सर्व्हर माझ्या टेबलावर आला. लॉगमध्ये रात्री अडीचचं लॉगिन, एवढाच संशय. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, फॉरमॅट मारून टाका." म्हटलं, साहेब, आधी बघू तरी द्या. डिस्क वेगळ्या मशीनला रीड-ओन्ली जोडली.

सुरुवात डेबियनच्या डेबसम्स या तपासणी साधनाने केली. पॅकेजसोबत (सॉफ्टवेअरच्या तयार गठ्ठ्यासोबत) आलेल्या एमडी५ हॅशच्या याद्यांशी तो फायली ताडून बघतो; हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला जणू तिचा अंगठ्याचा ठसा. पण त्या याद्या त्याच डिस्कवर! ज्याच्या हाती रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, गेले तो यादीही बदलेल. चोरालाच पंच म्हणून उभं केल्यासारखं झालं ते. शिवाय पॅकेजाबाहेरून आलेल्या फायलींबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

म्हणून हॅशलुकअप. लक्झेंबर्गच्या सर्कल या सायबर सुरक्षा संस्थेची मोफत सेवा, खातंबितं काढावं लागत नाही. फाइल पाठवायची नसते, फक्त तिचा हॅश. (पतसंस्थेच्या फायली कुठे अपलोड केल्या असत्या तर मला दारात उभं केलं नसतं.) अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेची एनएसआरएल ही माहीत असलेल्या सॉफ्टवेअरची यादी आणि लिनक्सची पॅकेजं तिच्यात आहेत. हॅश जुळला की पॅकेजचं नाव आणि आवृत्ती समोर येते.

टीएमपी या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये "अपडेट" नावाची एक फाइल होती. हॅश टाकला तर निघाली डेबियनचीच बिझीबॉक्स, अनेक छोट्या लिनक्स आज्ञा एकत्र असलेली फाइल! आता बिझीबॉक्स बिचारी निरुपद्रवी, पण नाव बदलून तिथे आणली कोणी? ते हॅश सांगत नाही. "ओळखीची" म्हणजे "चांगली" असंही नाही. एनएसआरएलमध्ये हॅकिंगची साधनंसुद्धा नोंदलेली आहेत.

वापरणाऱ्यांना एक सांगते: शा-१ ने शोधा (एमडी५, शा-१, शा-२५६ या हॅश काढायच्या वेगवेगळ्या पद्धती). एनएसआरएलच्या जुन्या नोंदी एमडी५ आणि शा-१ च्याच असायच्या, त्यामुळे नुसत्या शा-२५६ वर विसंबलात तर ओळखीची फाइलही अनोळखी ठरू शकते. हजारो हॅश असतील तर ब्लूम फिल्टर, म्हणजे त्या यादीचं आटोपशीर रूप, उतरवून घ्या, नेटशिवाय चालतं. त्याचं "नाही" पक्कं. "हो" क्वचित चुकतं, तेवढं पुन्हा तपासा. कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, त्यामुळे त्या हातानेच वाचाव्या लागतात.

हॅशलुकअपला माझे गुण पाचपैकी चार.

चाळून अकरा फायली उरल्या. नऊ जुन्या ॲडमिनच्या बॅकअप स्क्रिप्ट. दोन कोणाच्याच नाहीत. त्यांची प्रत काढून ठेवली आणि मग फॉरमॅट मारला.