एका मशीनवर दोघी: महिला शिवण प्रशिक्षण प्रकल्पाचा माझा अनुभव

वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांना एकत्र आणून शिवणकाम शिकवणाऱ्या एका सामाजिक संस्थेचा तीन महिन्यांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. प्रवेश घेण्याआधी अशा वर्गात नेमकं काय होतं हे कुणीतरी सविस्तर लिहिलेलं वाचायला मिळावं असं फार वाटत होतं. ते मिळालं नाही, म्हणून आता मीच लिहिते.

माझं वय 43. हातशिलाई, उसवणं, काठ दुमडणं ही कामं घरी कायम केलेली, पण कापड बेतायची हिंमत कधी झाली नव्हती. वर्गात आम्ही 24 जणी आणि मशीन 12. पहिल्या दिवशी सगळ्या आपापल्या ओळखीच्या बायकांजवळ बसल्या. शिकवणाऱ्या बाईंनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि सांगितलं, "दोघींना मिळून एक मशीन, आणि दर दोन आठवड्यांनी जोडी बदलणार." माझ्या वाट्याला ज्या आल्या त्यांना सगळ्या आपा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. पहिले तीन दिवस आमचं बोलणं "जरा सरकता का" आणि "झालं का तुमचं" एवढंच.

चौथ्या दिवशी माझी टीप बिघडली. कापडाच्या वरच्या बाजूने शिलाई सरळ दिसायची आणि उलटून पाहिलं की खाली दोऱ्याच्या फाशांचं जाळं. दोष खाली दिसतोय म्हणजे बॉबिनचाच, खालच्या दोऱ्याच्या रिळाचाच, असणार, असं धरून मी बॉबिन केसचा बारीक स्क्रू कधी सैल करत होते, कधी घट्ट. अर्धा तास गेला. शेवटी आपा म्हणाल्या, "ताई, खालचं सोडा. हात काढा जरा." त्यांनी दोरा पूर्ण बाहेर ओढला, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचलला आणि मगच दोरा पुन्हा ओवला. पाय खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा ओवलेला दोरा चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, वरचा ताण लागत नाही आणि सैल दोरा खाली जाऊन साचतो. त्यांनी टीप मारली, कापड उलटलं, दोन्ही बाजू सारख्या. मग बॉबिन केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिला. ती थोडी खाली घसरून थांबली. "खालचा ताण असा बघायचा." इतकं स्पष्ट मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

नंतर कळलं, आपांनी एका कारखान्यात सात वर्षं मशीन चालवलं होतं. पण तिथे कापलेले तुकडे हातात यायचे आणि त्यांच्याकडे काम एकच, बाह्या जोडायच्या. माप घेणं, कागदावर बेतणं, सेंटिमीटरचा हिशेब यांच्याशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. मला आकडे जमत होते, मशीन जमत नव्हतं. त्यामुळे आमच्यात शिकलेली कोण आणि अडाणी कोण हा प्रश्न उरलाच नाही. बाहीची वरची कड मुंढ्यापेक्षा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईपेक्षा, थोडी जास्त ठेवतात, हे मी त्यांना टेपने मोजून दाखवलं. तो जास्तीचा भाग चुणी न पाडता मुंढ्यात कसा जिरवायचा हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. जास्तीची बाजू खाली, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांकडे, आणि वरच्या कापडाला अगदी किंचित ताण. मी ते सहा वेळा उसवून सातव्यांदा जमवलं.

पाचव्या आठवड्यापासून चौघींचे गट झाले. एक बेतायला शिकली, एक कॉलर लावायला, एक काजं-बटणं, एक कापड आणि वेळ धरून हिशेब मांडायला. प्रत्येकीला बाईंनी तिचाच भाग नीट शिकवला आणि तो बाकी तिघींना तिने शिकवायचा. पूर्ण शर्ट प्रत्येकीला करायचा होता, त्यामुळे शेजारणीकडून शिकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. या पद्धतीचा इतिहास बाईंनीच सांगितला. 1971 मध्ये अमेरिकेत ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात बसवल्यावर भांडणं वाढली, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला होता. त्याही आधी, 1954 मध्ये, गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की माणसं नुसती जवळ आणून मनातली अढी जात नाही. त्यासाठी दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. आमच्या खोलीत हे चारही होतं. सलोख्यावर एकही भाषण झालं नाही, त्याबद्दल मी आयोजकांची मनापासून आभारी आहे.

लहान मुलांसाठी शेजारच्या खोलीत सतरंजी, खेळणी आणि सांभाळायला एक मावशी होत्या. जाहिरातीत याचा उल्लेखही नाही, पण ही सोय नसती तर आमच्या तुकडीतल्या निदान पाच जणी दुसऱ्या आठवड्यात गळाल्या असत्या. त्यांनीच मला तसं सांगितलं.

आता तक्रारी. हिशेबाचा भाग फार उरकला गेला. कापड, दोरा, बटणं यांचा खर्च सगळ्यांना मांडता येतो, स्वतःच्या तासांची किंमत कशी लावायची ते शिकवायला हवं होतं. बायका नेमक्या तिथेच स्वतःला फुकट विकतात. कापडाच्या कडांचे धागे सुटू नयेत म्हणून कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन एकही नव्हतं. बाहेरच्या कामात कडा तशा शिवून मागतात, त्यामुळे हा तुटवडा वर्ग संपल्यावर जाणवतो. प्रमाणपत्र दीड महिना उशिरा मिळालं.

सगळ्यात जास्त लागलं ते फोटोंचं. देणगीदारांची भेट होती त्या दिवशी काम थांबवून आम्हाला उभं केलं, कोण कुठल्या समाजाची ते विचारून जोड्या लावल्या आणि हातात हात धरायला सांगितलं. आपांनी हात दिला, पण चेहरा फिरवला. परत मशीनवर बसल्यावर त्या संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. आठ आठवडे आम्ही एकमेकींना बाही आणि मुंढ्यावरून ओळखत होतो, तिथे एका मिनिटात पुन्हा पाट्या लागल्या. फोटो काढायचाच असेल तर आधी विचारा, आणि काम चालू असताना काढा. मी हे लेखी कळवलं आहे.

शेवटच्या महिन्यात एका दवाखान्यासाठी उशांचे 120 अभ्रे शिवायचं काम मिळालं. 90 नंबरची सुई, म्हणजे 0.9 मिलिमीटर जाडीची, सगळ्यांनी एकसारखीच लावायची असं आम्हीच ठरवलं. तपासताना 14 अभ्रे परत आले. ते कुणी शिवले हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांनी बसून उसवले. त्यातले चार माझे होते आणि ते मी तिथल्या तिथे सांगितलं.

पुढच्या तुकडीपासून प्रत्येकीला स्वतंत्र मशीन देण्याचा विचार आहे असं ऐकते. सरावाचा वेळ दुप्पट होईल हे खरं आहे आणि मशीन कमी असल्याने माझाही सराव कमी पडला. तरी माझी विनंती आहे, नवी मशीनं सरावाच्या तासाला वापरा, शिकण्याच्या तासाला दोघींना एकच राहू द्या. स्वतंत्र मशीन असतं तर मी तो स्क्रू फिरवत बसले असते आणि आपा शेजारी असूनही त्यांना ते दिसलं नसतं.

ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जा. स्वतःची कात्री आणि टेप न्या, वर्गातल्या कात्र्यांना धार नाही. आमचा वर्ग संपला तरी मी आणि आपा आठवड्यातून दोनदा भेटतो. सध्या त्या गळ्याची पट्टी बेतायला शिकताहेत.