मोटारसायकलच्या इंजिनात ॲडिटिव्ह घालायचं की नुसतं चांगलं ऑइल?

ऑइल बदलायला गाडी लावली की काउंटरवरची ॲडिटिव्हची, म्हणजे ऑइलमध्ये वरून मिसळायच्या रसायनाची, छोटी बाटली पुढं येतेच. इंजिन मऊ चालेल, ॲव्हरेज वाढेल, एवढं ऐकलं की माणूस घेऊन टाकतो. माझं मत स्पष्ट आहे: गिअरच्या गाडीत ती घालू नका. स्कूटर आणि धूर मारणारी जुनी गाडी यांचा विचार वेगळा करू.

खरी मेख क्लचमध्ये आहे. कारमध्ये इंजिनचं ऑइल इंजिनापुरतंच असतं. स्प्लेंडर, पल्सर, शाइनमध्ये मात्र पिस्टन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलवर चालतात. पिस्टनला घर्षण कमी हवं, पण प्लेटांची पकड घर्षणावरच टिकते. टेफ्लॉन किंवा मॉलिब्डेनमवालं ॲडिटिव्ह पिस्टनपाशी थांबत नाही, प्लेटांवरही जातं. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून चढ चढणाऱ्या गाडीचा क्लच आधीच ताणात असतो. पन्हाळ्याच्या चढाला रेस वाढतेय, इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र पुढं सरकत नाही, असं झालं की क्लच घसरतोय म्हणून समजा.

कारची ऑइल इंधन वाचवण्यासाठी जास्त निसरडी होत गेली आणि मोटारसायकलींचे क्लच घसरू लागले. म्हणून जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकलच्या ऑइलसाठी जासो हे मानक आलं. त्यातल्या एमए आणि एमए२ दर्जाचं ऑइल क्लचची पकड राखतं, एमबी त्याहून निसरडं असतं. डब्याच्या मागं हा शिक्का असतो. एमए२ ऑइल घ्यायचं आणि त्यात निसरडेपणा वाढवणारी बाटली ओतायची, म्हणजे त्या शिक्क्याचा उपयोगच संपला.

शिवाय ॲडिटिव्ह ऑइलमध्ये आधीच असतात. झीज रोखणारं झेडडीडीपी १९४० च्या दशकापासून वापरात आहे. मळ धुणारी, काजळी तरंगत ठेवणारी, फेस मारणारी रसायनंही असतात, आणि सगळ्यांचं प्रमाण जुळवलेलं असतं. स्प्लेंडरमध्ये ऑइल जेमतेम लिटरभर. कारच्या हिशेबाची बाटली त्यात गेली तर ते प्रमाण पार बिघडतं. जाहिरातीतल्या दाव्यांचं म्हणाल, तर अमेरिकेत स्लिक ५० या टेफ्लॉनवाल्या ॲडिटिव्हच्या दाव्यांना पुरावा नाही म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि पुराव्याशिवाय असे दावे करायला बंदी आली.

ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि गिअर ऑइल वेगळं. म्हणून तिला एमबी ऑइल चालतं आणि ॲडिटिव्हनं क्लच घसरायची भीती नाही. फायदाही दिसण्यासारखा नाही. पैसे वाचवा.

जुनी गाडी निळा धूर मारत असेल तर ऑइल घट्ट करणारं ॲडिटिव्ह काही दिवस धूर दाबतं. विकायला काढलेल्या गाडीत ते बऱ्याचदा यासाठीच घातलेलं असतं, घेताना सावध राहा. झिजलेल्या रिंगा किंवा कडक झालेले व्हॉल्व्ह सील बाटलीनं भरून येत नाहीत. गाडी ठेवायची असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली बाजू, तपासून घ्या. तोवर दर आठवड्याला सपाट जागी, मेन स्टँडवर लेव्हल बघा. धुरापेक्षा कमी ऑइलवर पळवलेली गाडी लवकर जाम होते.

बाटली आधीच घातली असेल आणि क्लच घसरत असेल, तर पहिल्यांदा क्लच केबलचा प्ले, म्हणजे ढिलाई, बघा. कित्येकदा दोष तिथंच निघतो. तो ठीक असेल तर ऑइल काढून मॅन्युअलमधल्या ग्रेडचं एमए२ भरा, थोडे दिवस चालवा आणि ते पुन्हा एकदा बदला. तरीही पकड आली नाही तर प्लेटा जळाल्या असतील. मग पूर्ण सेट बदलायचा, आणि घालण्याआधी नव्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये भिजवून घ्यायला मेस्त्रींना सांगायचं.