कूसचं सेंट निकोलस हॉस्पिटल आणि चॅपल: साडेचार तारे

जर्मनीतल्या बेर्नकास्टेलला येणारे बरेच जण लाकडी चौकटींची घरं बघतात, चौकात वाइन घेतात आणि परततात. तुम्ही मोझेल नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या कूसला या. पुलाजवळच हे हॉस्पिटल, म्हणजे खरं तर कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) निकोलस कुझानुसनं काढलेला वृद्धाश्रम आहे. 1401 साली इथेच जन्मलेला हा नावाड्याचा मुलगा रोमपर्यंत पोचला. 1458 मध्ये त्यानं आपल्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या, कष्टानं थकलेल्या 33 पुरुषांची सोय केली. येशूच्या वयाची वर्षं म्हणून 33. त्यांतले सहा पाद्री, सहा सरदार घराण्यातले, बाकीचे 21 सामान्य.

चॅपल छोटंसं. मधोमध एकच खांब, त्यातून माडाच्या झावळ्यांसारख्या कमानी फुटून छतभर पसरलेल्या. वेदीवर कोलोनच्या चित्रकारानं रंगवलेलं क्रुसारोहण. त्यात खाली हात जोडून कुझानुस स्वतः. जमिनीत पितळी पत्रा आहे, त्याखाली त्याचं हृदय पुरलंय. बाकी देह रोमला. आमच्या ह्यांना त्या पत्र्यापाशी उभं राहायला काही आवडेना, ते बाहेर ओवऱ्यांत फिरत बसले.

मी मात्र खांबापेक्षा हिशेबानं भारावले. सगळी नोकरी ट्रस्टांची खाती तपासण्यात गेली. देणगीतून इमारत उभी राहते, कोनशिला बसते, फोटो निघतात. पुढे वीजबिल कोण भरणार हे कुणी लिहून ठेवत नाही. या माणसानं वास्तूबरोबर जमिनी आणि द्राक्षमळे लावून दिले. चॅपलमधल्या प्रार्थना, म्हाताऱ्यांचं जेवण, छपराची डागडुजी, सगळ्याचा आधार मळ्यांचं उत्पन्न. साडेपाचशेहून जास्त वर्षं झाली तरी इथे वृद्ध राहतात, आता बायकाही. असा ट्रस्ट-डीड माझ्या टेबलावर कधी आला नाही!

तळघरात रीसलिंग ही पांढरी वाइन चाखायला मिळते. ह्यांना आवडली, मला आंबट लागली.

अर्धा तारा कापला तो ग्रंथालयासाठी. कुझानुसची तीनशेवर हस्तलिखितं तिथे आहेत, पण गाइडसोबतच आत जाता येतं, त्यामुळे मनासारखं रेंगाळता येत नाही. कारण पटतं, तरी हळहळ वाटतेच. टूरची वेळ आधी विचारून मगच निघा. गावात रेल्वे नाही, व्हिटलिश स्टेशनला उतरून बस घ्यावी लागते. आणि लोक राहतात तिथे, हे लक्षात ठेवून आवाज जरा बेतानं.