ई-बुक रीडर घेतला माझ्यासाठी, वापरतायत सासूबाई

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये, कारण खाली थोडी कुरकुर करणार आहे आणि तसंही बाजारात जे दोन-तीन रीडर मिळतात त्यांच्यात नुसतं वाचायचं म्हटलं तर एकोणीस-वीसचाच फरक. माझा सहा इंची स्क्रीनचा, ३०० पीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), १६ जीबी, उजेड पांढऱ्याचा पिवळा करता येणारा, सेलमध्ये साधारण १२ हजारांना पडला. हा माझा दुसरा. पहिला लोकलमध्ये गेला, म्हणजे चोरीला नाही, सॅकमध्ये डब्याखाली आला. काढून बघते तर वरची अर्धी ओळ तशीच गोठलेली आणि खाली नुसत्या रेघा, बाहेरून ओरखडासुद्धा नाही. आतली काच फार नाजूक असते आणि ती बदलायला जेवढे सांगतात त्यात थोडे घातले की नवाच येतो. म्हणून कव्हर पहिल्या दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका.

डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन अडीच तास, त्यासाठी घेतला होता. एका हातात मावतो, दुसऱ्या हाताने कडी धरता येते, आणि मुख्य म्हणजे त्यात व्हॉट्सॲप नाही. बाकी "हजारो पुस्तकं मावतात" वगैरे जाहिरातीत सांगतात ते सोडून द्या, महिन्याला दोन पुस्तकं वाचली तरी वर्षाची २४ होतात, हजार कोण वाचतंय. स्टोरेजसाठी जास्तीचे पैसे घालू नका, पिवळ्या उजेडासाठी घाला.

तर झालं असं की सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कराडहून आमच्याकडे आल्या. एक डोळा झाला, डॉक्टरांनी सांगितलं चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने काढू, तोवर जुना चष्मा चालेना आणि नवा मिळेना. वाचल्याशिवाय ज्यांना दुपारी झोप येत नाही अशा बाईने दीड महिना काय करायचं? पेपरचे नुसते मथळे वाचायच्या आणि घडी घालून ठेवायच्या. डॉक्टरांना विचारलं, वाचलं तर चालेल म्हणाले, मग मी रीडरवर अक्षर वाढवत वाढवत गेले. स्क्रीनवर जेमतेम नऊ ओळी राहिल्या तेव्हा म्हणाल्या, "हां, आता थांब." दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना माझ्या सॅकमध्ये रीडर नव्हता.

त्या त्याला पाटी म्हणतात. पाटी कुठंय, पाटी चार्जिंगला लाव.

पहिले दोन दिवस त्यांचं एकच टेन्शन, की हे बंदच होत नाही. बाजूचं बटण दाबलं तरी स्क्रीनवर चित्र तसंच, म्हणजे रात्रभर वीज जळतेय. टॉवेल टाकून ठेवायच्या वर. मग सांगितलं की आई, ह्यात पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या बारीक गोळ्या असतात, प्रत्येकीत काळे आणि पांढरे कण, वीज दिली की एक रंग वर येतो दुसरा खाली बसतो, आणि एकदा बसले की तसेच राहतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही, पान उलटतानाच काय ती लागते. "म्हणजे रांगोळीसारखं," म्हणाल्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी १९९७ मध्ये ह्यावर कंपनी काढली तेव्हा त्यांनाही इतकं सोपं सांगता आलं नसेल. (माझा पहिला रीडर अर्ध्या ओळीवर गोठला होता तोही ह्याचमुळे.)

ह्याच कारणाने चार्जिंग टिकतं, पण जाहिरातीतले आठवडे जरा जपून घ्या. तो हिशोब रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, असा असतो. आमच्याकडे रोजचं दीड तास वाचन आणि वायफाय बंद ठेवून तीन आठवडे जातं, मला तरी ते खूप वाटतं.

उजेडाचं म्हणाल तर मोबाईलचा उजेड पडद्यातून थेट डोळ्यात जातो, ह्यात कडेला छोटे एलईडी असतात आणि उजेड पानावर पडतो, म्हणजे टेबललॅम्पखाली वाचल्यासारखंच. उन्हात तर लावायचीही गरज नाही, गॅलरीत भर दुपारी कागदासारखं स्वच्छ दिसतं. रात्री पिवळा करून अगदी मंद ठेवला की शेजारी झोपलेल्याला त्रास नाही, कराडला बाबांची तक्रार बंद झाली म्हणे.

आता कुरकुर. अक्षर मोठं केलं की पुस्तकातल्या एका पानाची चार-पाच पानं होतात, सारखं टॅप करावं लागतं, आणि सासूबाईंना बोटाला थुंकी लावून पान उलटायची ५० वर्षांची सवय. ओल्या बोटाने कधी दोन पानं पुढे जातं, कधी बोट दाबून राहिलं की शब्दावर खूण पडून डिक्शनरीची चौकट उघडते, आणि मराठी शब्द असेल तर त्या चौकटीत काहीच नसतं. इंग्लिशला ही डिक्शनरी सोन्यासारखी आहे, मराठीला नाही. घरात वयस्कर माणूस वापरणार असेल तर पान उलटायला खरंखुरं बटण असलेलंच मॉडेल घ्या, माझ्यात नाही त्याचा पश्चात्ताप होतोय. दर काही पानांनी स्क्रीन काळी होऊन चमकते ती मात्र बिघडल्याची खूण नाही, मागच्या पानाची सावली पुसायला तसं करतात.

मराठी वाचायचं तर थोडी खटपट आहे. आतल्या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे यायचे, आणि "दुसऱ्या"मधला तो र तुटून भलतंच दिसायचं. सासूबाई शाळेत शिकवायच्या, त्यांना ते शुद्धलेखनाची चूक वाटायची, दोनदा लेखकाला नावं ठेवली बिचाऱ्याला. मग टायरो देवनागरी मराठी नावाचा फुकट फॉन्ट आहे, तो केबलने फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, जिवात जीव आला. दोन्ही बाजूंनी ओळी सारख्या करायची सेटिंगही बंद करा, मोठ्या अक्षरात दोन शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा सुटते.

पीडीएफच्या नादाला तर लागूच नका. ए-फोर पानाची पीडीएफ सहा इंचात म्हणजे मुंग्यांची रांग, आणि त्यातही अक्षर हवं तसं वाढत नाही, सगळं पानच वाढतं आणि मग सरकवत बसा. ती ईपबमध्ये, म्हणजे अक्षर हवं तसं वाढणाऱ्या ई-पुस्तकाच्या फाईलमध्ये, बदलायला गेलं तर युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली पीडीएफ असली की कंस, टक्के, डॉलर असलं काहीतरी उमटतं, मी दिवाळी अंकाच्या एका जुन्या पीडीएफवर अख्खा रविवार घालवलाय. सरळ ईपब मिळालं तरच मजा. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्याच भावंडावर, जुनी पुस्तकं आहेत, तिथून ईपब फुकट उतरवता येतं आणि ते कायदेशीर आहे, आपल्याकडे लेखक जाऊन ६० वर्षं झाली की पुस्तक मोकळं होतं. फाईली नीट लावायला कॅलिबर वापरते, कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, फुकट. आता त्या कराडला परत गेल्यात तरी मी इथून त्यांच्या रीडरच्या ईमेलवर पुस्तक पाठवते, त्या वायफाय चालू करतात, पुस्तक आलं की बंद. "पोस्टमन येऊन गेला" असा फोन येतो.

दुसऱ्या डोळ्याचंही झालं, नवा चष्मा आला, पण पाटी काही परत आली नाही. मी मोबाईलवर वाचते आणि मध्येच व्हॉट्सॲपवर जाते. आता तिसरा घेणार, बटणवाला.

मागच्या रविवारी फोन केला तर आई पेपर वाचत होत्या. म्हटलं, पाटी कुठंय? शेजारच्या काकूंना एक पुस्तक द्यायचं होतं म्हणे, पण ते एकटं काही निघेना, म्हणून सगळी पाटीच दिली. मी म्हटलं, अहो आई, आणि त्यांनी परत केलीच नाही तर?

"चार्जर नाही दिला," म्हणाल्या. "तीन आठवड्यांत येतंय परत."