तोत्ती की इब्राहिमोविच?

इटलीचा फुटबॉलपटू फ्रान्चेस्को तोत्ती याने १९९३ मध्ये सोळाव्या वर्षी रोमा या क्लबाकडून पदार्पण केलं आणि २०१७ मध्ये त्याच क्लबातून निरोप घेतला. ७८६ सामने, ३०७ गोल, पण इटालियन लीगचं विजेतेपद एकदाच, २००१ मध्ये. स्वीडनच्या झ्लाटान इब्राहिमोविचचं याच्या अगदी उलट. माल्मो, आयाक्स, युव्हेंटस, इंटर, बार्सिलोना, मिलान, पॅरिस... जवळपास जाईल तिथे करंडक.

तरी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, दोघांनाही हुलकावणी देऊन गेली. झ्लाटानच्या बाबतीत तर नशिबाने थट्टाच मांडली. २००९ मध्ये तो इंटर सोडून बार्सिलोनाला गेला. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत इंटरने बार्सिलोनाला हरवलं आणि करंडकही उचलला!

तोत्तीकडे मात्र विश्वचषक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये पाय मोडला, घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले, तरी गडी त्याच वर्षी जर्मनीतल्या विश्वचषकात उतरला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी मिळालेली पेनल्टी त्यानेच मारली.

चाळिशीत मिलानला पुन्हा लीग जिंकून देणाऱ्या संघात झ्लाटान होता, तेही दुखऱ्या गुडघ्यासह. हे खायचं काम नाही. पदकं मोजायची तर झ्लाटानच भारी. मला विचाराल तर मी तोत्तीची कारकीर्द घेईन, त्या एकाच लीग विजेतेपदासकट.